कोकणात लाकडी रेल्वे डब्याची बाहेरून डागडुजी: छपरापासून शेवटच्या हातापर्यंत

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली. तोवर मुख्य मार्गांवरचे लाकडी डबे केव्हाच बाजूला पडले होते. चेन्नईतल्या पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासूनच सगळा डबा पोलादाचा बनू लागला होता. त्यामुळे रत्नागिरी, चिपळूण किंवा सावंतवाडीकडे एखाद्या आवारात जुना सागवानी डबा उभा दिसला, तर तो दुसरीकडून आणलेला असणार हे उघड आहे. धावत होता तेव्हा त्याला दर काही वर्षांनी कारखान्यात नेऊन उघडत, तपासत, रंगवत. इथे तो रुळांच्या एका तुकड्यावर उघड्यावर उभा असतो आणि वर्षाला ३००० मिलीमीटरच्या पुढे पाऊस झेलतो. त्यात खारा वारा.

लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. म्हणून खाली जे काही सांगितलंय ते एकाच गोष्टीभोवती फिरतं: आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवायची. रंग त्यानंतर.

हे मार्गदर्शन ब्रॉडगेजच्या बोगी डब्यासाठी आहे, म्हणजे खाली पोलादी चौकट आणि वर सागवानी सांगाडा व पॅनेल. माथेरानच्या छोट्या गाडीसारखा नॅरोगेजचा डबा असेल तर रीत हीच, माल कमी लागेल.

आधी पंचांग बघा

हस्ताचा पाऊस संपल्याशिवाय डबा उघडू नका. ऑक्टोबरमध्ये पॅनेल काढलं आणि ओलमापक टोचला तर २० ते २५ टक्के ओल सहज दिसते. मांडवाखाली, वारा खेळता ठेवून, ती १४-१५ वर यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढ्या काळात तपासणी, नोंदी आणि रंग खरवडणं उरकून घ्यायचं. सुतारकाम डिसेंबर-जानेवारीत, रंगाचे हात फेब्रुवारी-मार्चमध्ये. एप्रिलच्या अखेरीस ब्रश खाली ठेवलेला बरा, कारण मे महिन्यात हवेतला दमटपणा वाढतो आणि वळवाची एखादी सर ताज्या रंगावर फोड उठवून जाते. मृग नक्षत्राला, म्हणजे ७-८ जूनच्या आसपास, डब्यावर शेवटच्या हातानंतर किमान महिनाभर सुकलेला रंग असायला हवा.

आठ-दहा माणसं नसतील तर एका मोसमात सगळा डबा होत नाही. दोन मोसम धरा. पहिल्या वर्षी छप्पर आणि पश्चिमेची बाजू. पावसाचा सगळा मार नैऋत्येकडून येतो, म्हणून समुद्राकडची बाजू नेहमीच जास्त खराब असते.

नोंद आणि परवानगी

डबा बहुतेक वेळा रेल्वेच्याच मालकीचा असतो, प्रदर्शनासाठी दिलेला. करारात काय बदलता येतं ते लेखी घ्या. नंबर, कारखान्याची पाटी, बनावटीचं वर्ष कोरलेली पितळी किंवा बिडाची तबकडी यांना हात लावण्याआधी तर नक्कीच.

प्रत्येक पॅनेलचा फोटो, मोजपट्टी शेजारी धरून. पॅनेलला क्रमांक द्या: पश्चिम बाजू प-१, प-२, पूर्व बाजू पू-१ असं. काढलेल्या पट्टीच्या पाठीवर पेन्सिलने तोच क्रमांक. खडूने लिहिलेलं आठवडाभरात पुसलं जातं.

मूळ रंग शोधायचा तर दरवाजाच्या बिजागरीमागे, पॅनेलचे सांधे झाकणाऱ्या मोल्डिंगच्या पट्टीखाली किंवा छपराच्या कडेच्या आडोशाला बघा. तिथे रंग कधी घासला गेलेला नसतो. रुपयाएवढा भाग पाणी लावून २४० नंबरच्या वॉटर पेपरने गोल घासत, मध्ये खोल आणि कडेला उथळ, असा उतरता खड्डा करा. थरांची वर्तुळं दिसतील. सगळ्यात आतलं वर्तुळ प्रायमरचं असतं. त्यालाच मूळ रंग समजून अख्खा डबा राखाडी रंगवण्याचा प्रकार होतो, तो टाळा. जुनी अक्षरं दिसली तर ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या, मगच पुढे.

मांडव

ताडपत्री थेट डब्यावर टाकायची नाही. खाली घाम सुटतो आणि लाकूड सुकायच्या ऐवजी उबतं. बांबू किंवा पाइपचा सांगाडा उभारून वर पत्रे, डब्याच्या छपरापासून निदान दोन-अडीच फूट उंच, आणि दोन्ही बाजूंना चार फूट बाहेर, म्हणजे पागोळ्या डब्यावर पडणार नाहीत. बाजू मोकळ्या. पश्चिमेला हिरवी शेडनेट लावली तर ऊनही अडतं आणि वारा चालू राहतो.

मांडव झाला की चाकांना दोन्हीकडून गुटके लावा. मग गोड्या पाण्याने धुवा: बादली, मऊ ब्रश, साध्या नळीची धार. प्रेशर वॉशर कुणी आणला तर परत पाठवा. तो पट्ट्यांच्या फटीतून पाणी थेट पॅनेलच्या मागे घालतो. धुण्याचा हेतू मीठ काढणं हा आहे. मीठ रंगाखाली राहिलं की हवेतली ओल ओढून घेतं आणि दुसऱ्या वर्षी बारीक फोड येतात. घरातल्या पाण्याच्या फिल्टरसाठी मिळतो तो टीडीएस मीटर इथे उपयोगी पडतो: नळाचं पाणी आणि डब्यावरून ओघळलेलं पाणी यांचे आकडे जवळपास येईपर्यंत धूत राहा. समुद्राकडच्या बाजूला तीन-चार वेळा धुवावं लागतं.

कुजलेलं कुठे शोधायचं

वरून पाहून काही कळत नाही. रंग चकचकीत असतो आणि आत भुसा. हातात टोच्या आणि लाकडी मुठीचा छोटा हातोडा घ्या. ठोकल्यावर निरोगी साग टणक वाजतो, कुजलेला भदभद. टोच्या निरोगी सागात दोन मिलीमीटरच्या पुढे सहज जात नाही. पाच मिलीमीटर गेला तर खूण करा, पंधरा गेला तर ते लाकूड बदलायचं. मोल्डिंगच्या पट्टीवर टोचू नका, तिच्या खालच्या कडेलगत टोचा.

पाणी कुठून येतं हे समजलं की कुज कुठे असणार हे आधीच सांगता येतं. जुन्या डब्यात खिडकीची काच आणि झडपेचं शटर खाली सरकून पॅनेलच्या आतल्या खोबणीत बसतात. पावसाचं पाणी काचेवरून ओघळून त्याच खोबणीत उतरतं. बांधणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून खोबणीच्या तळाला पाणी जायला भोकं ठेवलेली असतात. पण वर्षानुवर्षांच्या रंगाने, धुळीने, तिकिटांच्या चिठोऱ्यांनी, शेंगांच्या टरफलांनी ती बुजतात. मग पाणी तळाच्या आडव्या लाकडावर साचून राहतं. हे लाकूड पोलादी सोलबारवर (खालच्या चौकटीच्या बाजूच्या लांब तुळईवर) टेकलेलं असतं. खालून लोखंड, वरून पाणी. जवळपास प्रत्येक डब्यात पहिला बळी हेच जातं.

दुसरी जागा: दरवाजाच्या दोन्ही पिलरचे पाय. तिथे उंबरठ्याचं पाणी आणि पिलरचं उघडं आडवं टोक एकत्र येतात, आणि लाकूड टोकाकडून पाणी पितं ते बाजूपेक्षा कितीतरी पट जास्त. तिसरी: छपराच्या कडेला, पन्हाळ जिथे संपते तिथला कोपरा. चौथी: वेस्ट रेलच्या (खिडक्यांच्या खालून जाणाऱ्या आडव्या लाकडाच्या) वरची आडवी पट्टी, तिचा उतार घासून सपाट झाला असेल तर.

छपराच्या कडेच्या लाकडात बोटभर जाडीची अगदी गोल, स्वच्छ भोकं दिसली तर ती वाळवीची नव्हेत. काळा मोठा भुंगा लाकूड कोरून आत अंडी घालतो, त्याची आहेत. खाली पिवळसर भुसा पडलेला दिसतो. भुंगा बाहेर गेल्याची खात्री करून भोकात औषध सोडायचं आणि सागाची खुंटी ठोकायची. वाळवीसाठी मात्र चाकांवर, ब्रेकच्या दांड्यांवर, स्प्रिंगवर मातीच्या नळ्या शोधा. अशा नळ्या करणारी वाळवी जमिनीतून वर चढते.

तपासणीचा निकाल आलेखाच्या कागदावर उतरवा, लाल म्हणजे बदलायचं, पिवळं म्हणजे ठिगळ, कोरं म्हणजे ठीक. या कागदाशिवाय लाकूड मागवायला जाऊ नका.

जुना रंग काढताना

जुन्या रंगात शिसं असतंच असं धरून चाला. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांवर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. तुमच्या डब्यावरचे आतले थर त्याच्या कित्येक दशकं आधीचे आहेत. तेव्हा कोरडा ग्राइंडर नाही, कोरडं घासणं नाही, ब्लोटॉर्च तर मुळीच नाही. ज्योतीने शिशाची वाफ होते आणि सांध्यातला सुका भुसा आतल्या आत पेटतो. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

हीट गन ४०० अंशांच्या आत ठेवून, रंग मऊ पडला की स्क्रेपरने ओढायचा. एका जागी रोखून धरू नका. राहिलेलं पाणी फवारत ओलं खरवडा. खाली जाड प्लास्टिक अंथरलेलं, तोंडावर पी-१०० दर्जाचा गाळणीचा मास्क (कापडी रुमाल चालत नाही), काम संपेपर्यंत चहा-बिडी लांब. कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. मुलं आणि गरोदर बायका आवारात नकोत. जमलेला रंग बंद ड्रममध्ये भरून, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा परवाना असलेल्या घातक कचरावाल्याकडेच द्यायचा. खाडीत किंवा खड्ड्यात नाही.

कॉस्टिक सोड्याने रंग लवकर निघतो म्हणून रंगारी आग्रह धरतात. साग त्याने काळवंडतो, रेषा उठतात आणि सोडा सांध्यात राहून पुढच्या प्रायमरला सोलून काढतो. नको.

सगळा रंग काढलाच पाहिजे असंही नाही. घट्ट धरून बसलेला, न तडकलेला थर ओला घासून त्यावर रंगवता येतो. नोंदीसाठी एखादं पॅनेल तर जुन्या थरांसह तसंच राखावं, शक्यतो पूर्वेच्या बाजूचं.

लाकूड

मूळ डबे बहुधा बर्मा सागाचे, दाट रेषेचे. बाजारात मिळणारा लागवडीचा तरुण साग त्या जातकुळीचा नसतो. त्यात पांढरट कवळा भाग बराच येतो आणि तो भाग सागाचा असूनही किडतो. उत्तम माल म्हणजे पाडलेल्या जुन्या घरांच्या तुळया, दारांच्या चौकटी. घेताना चुंबक फिरवा, खिळे आत असतात आणि रंध्याचं पातं एका फटक्यात जातं. नवीन घ्यायचाच तर दांडेलीकडचा, गाभ्याचा. पावती आणि वाहतुकीचा पास जपून ठेवा.

आपल्याकडे किंजळ आणि ऐन मुबलक मिळतात, सुतार सुचवेलही. पोलादी चौकटीवरच्या गुटक्यांना किंवा मांडवाला चालतील. पॅनेलला नाही, किंजळ उन्हापावसात फार हलतो.

हलणं किती, हे आकड्यात पाहा. साग कच्चा ते पूर्ण कोरडा होताना रुंदीत, आडव्या कापाच्या फळीत (वाढीची वर्तुळं फळीच्या तोंडाला समांतर), ढोबळमानाने ५.८ टक्के आवळतो, उभ्या कापाच्या फळीत (वर्तुळं तोंडाला काटकोनात) २.५ टक्के. उन्हाळ्यात १२ टक्के ओल आणि ऑगस्टमध्ये १८ टक्के धरली, तर ३०० मिलीमीटर रुंदीचं आडव्या कापाचं पॅनेल सुमारे ३.५ मिलीमीटर फुगतं. उभ्या कापाचं दीड मिलीमीटर. म्हणून पॅनेलला नेहमी उभ्या कापाची फळी घ्या, ते एका कडेला किंवा मधल्या रेषेत स्क्रूने धरा आणि दुसरी कड मोल्डिंगच्या पट्टीखाली ३ मिलीमीटर मोकळी ठेवा. चारही बाजू डिंकाने चिकटवलेलं पॅनेल पहिल्या श्रावणात पोट काढतं आणि पुढच्या मार्चमध्ये मधोमध फाटतं.

ठिगळ लावताना कुजलेल्या भागाच्या पुढे निदान ५० मिलीमीटर निरोगी लाकडापर्यंत कापायचं. पिलर किंवा तळाच्या लाकडाचा जोड तिरका, १:८ उताराचा: ५० मिलीमीटर जाडीला ४०० मिलीमीटर लांब. जोडाचा तिरकेपणा असा ठेवा की पाणी फटीतून बाहेर ओघळेल. साग तेलकट असतो, त्यामुळे ताज्या रंध्याच्या पृष्ठावर ॲसिटोनचा फडका मारून, ते उडून गेल्यावर लगेच एपॉक्सी. क्लॅम्प हलकाच आवळा. जोर लावला तर सगळी एपॉक्सी बाहेर पिळून निघते आणि सांधा कोरडा राहतो.

तळाचं लाकूड एका झटक्यात काढायचं नाही. आधी दरवाजाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा आणि आतून ५० × २५ च्या पट्ट्या कर्णावर ठोका. मग दीड-दोन मीटरचा एकेक तुकडा, वरचं वजन जॅकवर तोलून. जोड दरवाजाखाली येऊ नये. सोलबारचा गंज तारेच्या ब्रशने काढून झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात, वर रंग, आणि लोखंड व लाकूड यांच्यामध्ये रबराची ईपीडीएम पट्टी. नवं लाकूड बसवण्याआधी पाण्याच्या भोकांची जागा आखा: प्रत्येक खिडकीखाली दोन, १० मिलीमीटरची, सोलबारच्या बाहेरच्या कडेला उतरणारी. भोकाच्या आतल्या भिंतीलाही एपॉक्सी पाजा. उघडी राहिली तर ज्या भोकातून पाणी जायचं त्याच भोकातून लाकूड ते पिईल.

किनाऱ्यावर होड्या बांधणारे सुतार या कामाला शहरातल्या फर्निचरवाल्यांपेक्षा सरस. वाकडं लाकूड वाचणं, तिरका जोड, ओल्या जागचे स्क्रू त्यांच्या अंगवळणी असतात. फक्त एक आधी सांगून ठेवा: होडीच्या फटी कापूस ठासून बंद करतात तशा डब्याच्या फटी बंद करायच्या नाहीत. होडी सतत पाण्यात असते, फळ्या फुगून बसतात. डबा वर्षातून एकदा भिजतो आणि एकदा वाळतो.

स्क्रू: छोटी गोष्ट, मोठा घात

जुना लोखंडी स्क्रू काढल्यावर भोकाभोवती निळसर काळा डाग दिसतो. गंज आणि सागातलं टॅनिन यांची ती शाई. डागाच्या आत लाकूड बोटाने चुरा होईल इतकं मऊ पडलेलं असतं. त्याच भोकात नवा स्क्रू धरत नाही. भोक १० मिलीमीटरपर्यंत मोठं करून, काळं लाकूड निघेपर्यंत, सागाची खुंटी एपॉक्सीने बसवा, खुंटीच्या रेषा पॅनेलच्या रेषांच्या दिशेने. दुसऱ्या दिवशी नवं भोक.

जाम झालेल्या स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंगची इस्त्री मिनिटभर टेकवा, थंड होऊ द्या, मग खाचेतला रंग टोच्याने साफ करून बरोबर मापाचा पेचकस. डोकं तुटलंच तर आजूबाजूला पटाशी चालवू नका. पोकळ नळीच्या पात्याने गोल कोरून स्क्रूसकट बुचासारखं बाहेर काढा.

नवे स्क्रू पितळी, खाचेच्या डोक्याचे. पॅनेल आणि पट्ट्यांना ८ नंबर, सव्वा इंची. सागात ३ मिलीमीटरचं भोक, वरच्या पट्टीत ४.५ मिलीमीटरचं मोकळं. पितळ मऊ असतं, थेट पिळलं तर मान तुटते. म्हणून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी एकदा फिरवून आटे पाडून घ्यायचे, मग पितळी स्क्रूला मेण चोळून हाताने. साबण चोळण्याची सवय असते, पण साबण ओल धरतो. मशीनचा ड्रायव्हर लांब ठेवा. जिथे ताकद हवी तिथे ३१६ दर्जाचं स्टेनलेस. ३०४ दुकानात सहज मिळतं, पण खाऱ्या वाऱ्यात त्यावर चहाच्या रंगाचे डाग येतात आणि पांढऱ्या अक्षरांवरून ओघळतात.

मोल्डिंगच्या पट्ट्या बसवताना पाठीला लांबी (चॉक पावडर आणि तेलाची पुट्टी) लावायची ती वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना. खालची कड मोकळी. सिलिकॉनच्या नळीने चारही बाजू बंद केल्या की काम छान दिसतं, रंग मात्र सिलिकॉनवर धरत नाही, आणि आत गेलेलं पाणी तिथेच मुरतं. आडव्या पट्टीचा माथा १५ अंश उतरता हवा. सपाट झाला असेल तर रंध्याने उतार परत काढा.

औषध आणि लांबी

नव्या-जुन्या उघड्या लाकडाला बोरॅक्स-बोरिकचं पाणी: १० लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड, ब्रशने दोनदा, मधे दिवसभराचं अंतर. टोकांना आणि खुंट्यांच्या भोकांना तीनदा. सागाच्या गाभ्यात ते फारसं मुरत नाही, कवळ्या भागासाठी आणि जुन्या कुजक्या कडांसाठीच खरा उपयोग. पावसात हे धुऊन जातं, त्यामुळे वरून रंग हवाच. सुकायला आठवडा द्या, ओलमापकावर १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लांबी घरी मळा: १ किलो चाळलेली चॉक पावडर, त्यात सुमारे २०० ग्रॅम बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) थोडं थोडं घालत. पोळीच्या कणकेइतकी घट्ट, हाताला चिकटेनाशी. प्रायमरच्या पहिल्या हातानंतरच भरायची. कोऱ्या लाकडात भरली तर लाकूड तेल पिऊन टाकतं आणि लांबी खडूसारखी गळते. भिंतीची पांढरी पुट्टी लाकडाला चालत नाही. गाड्यांच्या गॅरेजमधली पुट्टीही नाही: ती दगड होते, लाकूड हलतं, आणि आषाढात ठोकळा बाहेर पडतो. पाच मिलीमीटरपेक्षा खोल खड्ड्याला लाकडाचाच तुकडा.

रंगाचे हात

अंदाज असा काढा. डबा २० मीटर लांब, बाजूची उंची २.२ मीटर: दोन बाजू ८८ चौरस मीटर, दोन्ही टोकं मिळून १५. खिडक्यांची वजाबाकी मोल्डिंगच्या वळणांत भरून निघते, म्हणून १०० धरा. प्रायमर किंवा अंडरकोट लिटरला साधारण १० चौरस मीटर, इनॅमल १२.

प्रायमरचे दोन हात म्हणजे २० लिटर, अंडरकोटचे दोन २० लिटर, इनॅमलचे दोन १७ लिटर, सगळ्यावर दहा टक्के जास्त. टर्पेंटाइन १० लिटर. इनॅमलचे सगळे डबे एकाच बॅचचे घ्या आणि तरीही मोठ्या बादलीत एकत्र ढवळा, नाहीतर मधल्या पॅनेलपासून छटा बदललेली उन्हात दिसते.

क्रम: पॅनेल बसवण्याआधी त्याच्या पाठीला आणि चारही कडांना प्रायमर. हे सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. एकाच बाजूने रंगवलेली फळी पावसाळ्यात वाकते. पहिला हात १० टक्के टर्पेंटाइन घालून पातळ. टोकांना तीन हात. मग लांबी, ती निदान आठवडाभर कडक होऊ द्या. १८० ने घासा, दुसरा प्रायमर. अंडरकोटमध्ये २४० आणि शेवटी ३२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह. कोऱ्या लाकडावर पाणी लावून घासू नका, फक्त रंगावर.

दोन हातांमध्ये २४ तास, दमट दिवस असेल तर ४८. रंगाच्या डब्यावर लिहिलेला सुकण्याचा वेळ कोरड्या हवेचा असतो. सकाळी दव पडतं, त्यामुळे दहाच्या आधी सुरुवात नको आणि चारच्या नंतर नवा हात नको. संध्याकाळी मारलेलं इनॅमल रात्रीच्या दवाने दुधाळ, निस्तेज होतं. हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी सुट्टी. सावलीबरोबर फिरा: दुपारपर्यंत पश्चिमेची बाजू, नंतर पूर्वेची. तापलेल्या गडद पॅनेलवर रंग वरून साय धरतो आणि खालचं टर्पेंटाइन फोड काढून बाहेर येतं. समुद्राकडच्या गावात तर रोज काम सुरू करण्याआधी गोड्या पाण्याचा ओला फडका आणि सुकवणं, कारण रात्रीतून मीठ बसतं.

ब्रश उभा चालवा की आडवा यावर रंगाऱ्यांत वाद आहेत. पॅनेलवर आधी आडवा पसरवून शेवटचा हात उभा, वरून खाली, एवढं पाळलं की ओघळ दिसत नाहीत. मोल्डिंग आधी, पॅनेल नंतर.

साग दिसला पाहिजे म्हणून नुसतं वॉर्निश मारण्याचा मोह खूप जणांना होतो. मूळ डबाच तसा असेल आणि वर्षातून एकदा घासून नवा हात द्यायची तयारी असेल तरच. आतल्या फर्निचरचं मेलामाइन किंवा साधं पॉलियुरेथेन बाहेर वर्षभरात पापुद्रे सोडतं. अतिनील किरण अडवणारं बोटीचं वॉर्निश, किमान पाच-सहा हात, पहिले दोन पातळ.

अक्षरं स्टेन्सिलने नाही, हाताने. पाट्या रंगवणारे जुने कलाकार अजून तालुक्याच्या गावी सापडतात. ट्रेसिंग पेपरच्या पाठीला खडू चोळून छापा उतरवायचा, इनॅमलने भरायचं, आठवड्याने वर बाहेरच्या वॉर्निशचा एक हात.

छप्पर, थोडक्यात

खरं तर हे सुतारकामाच्याही आधी. लाकडी फळ्यांवर कॅनव्हास ताणून वर रंगाचे थर, अशी जुनी रचना. कॅनव्हास फाटला असेल तर नवा जाड सुती डक कॅनव्हास घट्ट रंगाच्या ओल्या थरावर बसवून कडेला तांब्याचे बारीक खिळे (चुका), वर रंगाचे तीन-चार हात. त्यावर डांबर ओतू नका. उन्हात वितळून बाजूच्या नव्या रंगावर काळे ओघळ येतात आणि ते निघत नाहीत. दरवाजावरच्या पन्हाळी उताराला आहेत ना, हे तांब्याभर पाणी ओतून बघा.

पावसाळ्याआधी आणि नंतर

मेच्या पहिल्या आठवड्यात खिडक्यांखालच्या सगळ्या भोकांतून तार घाला आणि वरून मग्गाभर पाणी सोडा. खाली आलं पाहिजे, लगेच. रुळांभोवती मीटरभर गवत-झुडूप नको, लाकूड किंवा पालापाचोळा चाकाला टेकलेला नको. चाकांवर मातीची नळी दिसली तर ती मोडून थांबू नका, जमिनीत औषध करून घ्या.

पावसाळ्यात झडपा पूर्ण बंद ठेवल्या तर आत कुबट होतं. पूर्वेच्या बाजूच्या झडपा उघड्या राहू द्या, झडपांच्या पट्ट्या पाणी बाहेर टाकण्यासाठीच तिरक्या असतात. दिवाळीच्या सुमाराला गोड्या पाण्याने धुणं, टोच्या घेऊन तळाचं लाकूड आणि दरवाजाचे पाय तपासणं, बारीक तडे दिसले तिथे घासून प्रायमर आणि रंगाचा ठिपका. या ठिपक्यांसाठी प्रत्येक रंगाचा एक लिटर काठोकाठ भरलेल्या बाटलीत, झाकण घट्ट लावून, सावलीत ठेवा. बाटलीवर रंगाचं नाव, बॅच नंबर, तारीख आणि कोणत्या पॅनेलला लावला तो क्रमांक लिहा.